किडनीच्या डीएनएची तपासणी केली, तर बायोप्सी टळेल का?

प्रश्न : धाकट्या भावाला आईची किडनी बसवून दीड वर्ष झालं. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.२ असायचं, या मे महिन्यात १.६ आलं. डॉक्टरांनी दात्याच्या डीएनएची रक्ततपासणी सुचवली आहे. त्यामुळे बायोप्सी (सुईने किडनीचा तुकडा काढून तपासणं) टळेल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी साध्या गोष्टी तपासा. नागपुरात मेमध्ये पारा ४५च्या घरात असतो. पाणी कमी पडलं तरी क्रिएटिनिन चढतं. शरीराने नवी किडनी नाकारू नये (रिजेक्शन) म्हणून टॅक्रोलिमस हे औषध देतात; जुलाबात त्याची रक्तातली पातळी वाढते, आणि वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीलाच त्रास देतं. दोन वेळा गोळी असेल तर ही पातळी रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी मोजतात. गोळी घेऊन लॅब गाठली, तर आकडा फुकट. बसवलेल्या किडनीला इजा करणाऱ्या बीके विषाणूचा पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी) आणि दात्याविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणीही करून घ्या.

आता डीएनए. बसवलेल्या किडनीच्या पेशी फुटल्या की त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. रक्तातल्या एकूण मोकळ्या डीएनएत त्यांचा वाटा १ टक्क्याच्या वर गेला, तर सहसा रिजेक्शनचा संशय घेतात. अँटीबॉडीमुळे होणारं रिजेक्शन यात बऱ्यापैकी सापडतं. टी-पेशींचं (किडनीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) सौम्य रिजेक्शन निसटू शकतं. टक्काही फसवतो. इन्फेक्शनमध्ये भावाचा स्वतःचा डीएनए रक्तात वाढतो आणि किडनीचा वाटा कमी दिसतो. म्हणून रिपोर्टमध्ये दर मिलिलिटरमागचा आकडाही मागा.

खरी गडबड होते ती नमुन्यात. साध्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं, तर पांढऱ्या पेशी फुटून भावाचाच डीएनए वाढतो. त्यासाठी पेशी टिकवणारी खास ट्यूब लागते : खुणेपर्यंत भरायची, लगेच ८-१० वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवायची नाही. नेहमीच्या वापरातली ट्यूब ३७ अंशांपर्यंतच भरवशाची, त्यामुळे भर दुपारी कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेला नमुना इथे बाद समजावा. सकाळी रक्त द्या, उष्णतारोधक डब्यातून पाठवा. बायोप्सीही ठरली असेल, तर रक्त तिच्या आधी द्या. सुईच्या जखमेनेही आकडा चढतो.

आणि बायोप्सी? डीएनएचा आकडा वाढलेला असेल, तर ती बहुधा होईलच. आकडा कमी आणि पाणी, औषधं सावरल्यावर क्रिएटिनिन उतरलं, तर डॉक्टर थांबू शकतात. ते उतरलं नाही, तर डीएनएच्या भरवशावर बसू नका. बायोप्सीच्या तुकड्यात कोणती जनुकं सक्रिय आहेत हेही तपासायचं असेल, तर लॅबला आधीच विचारा : काही पद्धतींना तुकडा काढताक्षणी आरएनए (सक्रिय जनुकांची खूण देणारा रेणू) टिकवणाऱ्या द्रवात टाकावा लागतो.