मावशी अचानक गेल्या, आता सोमवारी काय?

गुरुवारी संध्याकाळी समुपदेशनासाठी फोन आला, "मॅडम अर्जंट आहे, उद्याची वेळ मिळेल का, आम्ही दोघंही येतो." दोघंही येतो म्हटल्यावर मला वाटलं नवराबायकोत काहीतरी बिनसलंय. शुक्रवारी आले ते लॅपटॉपच्या बॅगा खांद्याला तशाच, आणि बसायच्या आधीच बाई म्हणाल्या, "आमच्या मावशी गेल्या हो."

मी क्षणभर गप्पच, म्हटलं वारल्या की काय. तसं नव्हतं. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी, दीड वर्षापासून यांच्याकडे, त्यांच्या आईला पॅरालिसिसचा झटका आला म्हणून रात्रीच्या रात्री गावी निघून गेल्या, आणि आता आईला बघायला दुसरं कुणी नाही म्हणून परत येणं अवघड आहे असं त्यांनीच कळवलं. घरात मुलगा ६ वर्षांचा, मुलगी २० महिन्यांची. बाईंच्या ऑफिसात वर्षअखेरीची धावपळ, नवऱ्याची शिफ्ट. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) प्रश्न दोन होते, सोमवारपर्यंत चांगली बाई कशी मिळणार, आणि माणूस असं एकदम बदललं तर छोटीच्या मनावर कायमचा परिणाम होईल का. हे दोन प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतात की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

एजन्सीने त्यांना एक नाव दिलं होतं. रविवारी येऊन भेटतील, सोमवारपासून कामाला. बाईंनी मनातून हो म्हणून टाकलं होतं, माझ्याकडून फक्त ठीक आहे असं ऐकायचं होतं.

मी म्हटलं, सोमवारची सोय हे एक काम आणि मुलांसाठी माणूस निवडणं हे दुसरं, तुम्ही दोन्ही एकाच बाईकडून करून घ्यायला बघताय. घाईत माणूस ठेवला की आपण त्याच्यात दोष बघतच नाही, कारण दोष दिसला तर सोमवार परत रिकामा होतो ना. मग दोन आठवड्यांनी तिसरी बाई शोधायची वेळ येते आणि मुलांच्या वाट्याला एकाऐवजी दोन ताटातुटी.

म्हणून आधी कागद घेतला आणि पुढचे कामाचे १० दिवस मांडले. बाईंनी चार अर्धे दिवस वर्क फ्रॉम होम घेतलं, आत्या दोन दिवस यायला तयार झाली, मुलाच्या मित्राच्या आईने शाळा सुटल्यावर तीन दिवस त्याला आपल्या घरी न्यायचं कबूल केलं. बाबा इतका वेळ मोबाइलमध्ये. विचारलं तर म्हणाले, "माझी शिफ्ट ॲडजस्ट होत नाही मॅडम." मी विचारलं, उद्या तुम्हाला १०२ ताप आला तर जाल का शिफ्टला? नाही म्हणाले. मग कसं चालतं? कुणीतरी बदली करतंच की. बाहेर जाऊन एक फोन केला आणि तीन दिवस मिळवून आले. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मुलांचं माणूस सुटलं की धावाधाव आईनेच करायची असं बऱ्याच घरात न बोलता ठरलेलं असतं आणि बाबांना कुणी विचारतही नाही.

१० दिवसांतले बरेचसे भरले. बाईंचा चेहरा जरा सैल झाला. मग मी अगदी साधा प्रश्न विचारला, छोटी दुपारी झोपते कशी?

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "मावशी झोपवायच्या." हो, पण कशा? मांडीवर, की पलंगावर, की खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत? अंधार लागतो का? उठल्यावर रडते का, आणि रडली तर काय केल्यावर थांबते? एकाचंही उत्तर नाही. बाईंच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाल्या, "मी कसली आई आहे." मी म्हटलं ते नंतर बघू, आधी मावशींना फोन लावा, त्यांची आई आजारी आहे, त्यामुळे आधी तिची चौकशी करा आणि मग विचारा.

फोन २० मिनिटं चालला. छोटी झोपताना समोरच्याचा कान धरते. पाठीवर थोपटलेलं तिला चालत नाही, पायाचे तळवे चोळायचे. उठल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. चपला स्वतःच घालते, मदत केली की संपलं. बाबा लिहून घेत होते, दीड पान झालं. त्या दीड पानाइतकी कामाची गोष्ट कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. मावशी आहेत तोपर्यंतच हा कागद करून ठेवावा असं मी आता प्रत्येक घराला सांगते, त्या रजेवर गेल्या तरी उपयोगी पडतो.

आता तो कायमच्या परिणामाचा प्रश्न. जॉन बोल्बी हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ, मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या नात्याचा सगळा सिद्धांत त्यांच्या नावावर आहे. १९०७ चा जन्म, सुखवस्तू घर, आई दिवसातून तासभर भेटायची, बाकी सगळा वेळ मिनी नावाची दाई. ते ४ वर्षांचे व्हायच्या सुमारास मिनी काम सोडून गेली, आणि पुढे मोठेपणी त्यांनी सांगितलं की ते दुःख आई गमावल्याइतकं होतं. हे ऐकल्यावर बाई आणखी घाबरल्या! पण मी ते वेगळ्या कारणासाठी सांगितलं. छोटी मावशींना शोधते, दारापाशी जाऊन उभी राहते, चिडचिड करते, हा बिघाड नाहीये, ते दुःख आहे. जीव लावला होता म्हणून दुःख होतंय, आणि ज्या मुलाला एकदा जीव लावता आला त्याला तो परत लावता येतो, फक्त मधल्या काळात घरातली ओळखीची माणसं जवळ हवीत आणि दिवसाची घडी शक्यतो तीच हवी. झोप मोडणं, अंगठा परत तोंडात जाणं, शी-शूची सवय बिघडणं हे काही आठवडे दिसू शकतं. खाणंपिणंच बंद झालं किंवा मूल खेळायचंच थांबलं आणि ते टिकून राहिलं तर मात्र वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वयाचाही भाग आहे, साधारण १० ते १८ महिने या काळात जवळच्या माणसाला सोडायची भीती सगळ्यात जास्त असते, ही २० महिन्यांची म्हणजे त्यातून नुकती बाहेर पडत होती.

मी विचारलं, मुलांना काय सांगितलंय? "छोटीला काय कळणार. आणि मोठ्याला सांगितलं मावशी सुट्टीवर गेल्यात."

हे माझ्या मते चुकलं होतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. मुलं सुट्टी संपायची वाट बघत बसतात. मग ठरलं की घरी जाऊन दोघांनाही खरं सांगायचं, छोट्या वाक्यात, मावशींची आई आजारी आहे, त्या आता तिच्याजवळ राहणार, आपल्याला त्यांची आठवण येणार. आणि जमलं तर मावशींनी व्हिडिओ कॉलवर स्वतः टाटा करावा. काही घरांत याला विरोध असतो, म्हणतात कशाला जुनं उकरायचं, मूल जास्त रडेल. रडू दे की, रडायला कारण आहे.

पुढच्या आठवड्यात परत आले तेव्हा छोटीचं बरं चाललं होतं. व्हिडिओ कॉलवर तिने फोनलाच पापी दिली म्हणे. मावशींचा एक जुना स्कार्फ घरी राहिला होता तो घेऊन झोपते. विनिकॉट नावाच्या बालरोगतज्ज्ञाने अशा वस्तूंवर १९५३ मध्ये लेख लिहिलाय, आईपासून हळूहळू वेगळं होताना मूल अशा वस्तूचा आधार घेतं असं त्याचं म्हणणं, तेव्हा तो स्कार्फ मळका म्हणून धुवायची घाई करू नका एवढंच मी म्हटलं. (एक वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपताना मात्र असलं कापड अजिबात ठेवायचं नाही, श्वासाला धोका असतो.)

अडकलं होतं ते मोठ्याचं. खरं सांगितल्यावर तो काहीच बोलला नाही, आणि रात्री लाइट बंद केल्यावर बाबांना विचारलं, "मी मावशींच्या फोनवर पाणी सांडलं होतं, म्हणून त्या गेल्या ना?" चार दिवस ते पोर हे मनात घेऊन फिरत होतं आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, छोटीची झोप मोजत बसलो होतो. या वयाच्या मुलांना आपण केलं म्हणून झालं असं फार पटकन वाटतं. बाबांनी लगेच दुसऱ्या दिवशी मावशींना फोन लावून दिला, त्या म्हणाल्या, "अरे फोन तर वाळवला मी, छान चालू आहे, त्याच फोनवरून बोलतेय की तुझ्याशी." बाबांनी समजावून जे झालं नसतं ते या एका वाक्याने झालं.

मधल्या १० दिवसांत माणूस शोधणं चालूच होतं. एजन्सीच्या त्या बाई आणि ओळखीतून आलेल्या एक ताई. मी आईबाबा दोघांना सांगितलं होतं की त्यांच्या जुन्या कामाच्या घरी फोन करून "कशा आहेत हो" असं विचारू नका, सगळे चांगल्याच म्हणतात. विचारा, तुमचं मूल परत यांच्याकडे सोपवाल का? आणि समोरचा लगेच हो म्हणतो की थांबतो ते ऐका. एजन्सीच्या बाईंच्या जुन्या घरी हा प्रश्न विचारला तर पलीकडून "अं... आता मुलं मोठी झाली ना आमची" असं आलं. बाकी ओळखपत्र, पत्ता हे बघायचंच. मुलाखतीत तुम्हाला मुलं आवडतात का हा प्रश्न वाया जातो, त्यापेक्षा मूल तापलं आणि आम्ही दोघं फोन उचलत नाही तर काय कराल, दोन तास रडतंय आणि तुमचं डोकं सटकलं तर काय कराल. ताई म्हणाल्या, "त्याला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं बाजूला होईन, पाणी पिईन आणि परत जाईन." डोकं कधी सटकतच नाही म्हणणाऱ्यांपेक्षा मला हे उत्तर भरवशाचं वाटतं.

मग ताईंची तीन दिवस ट्रायल ठरली, पूर्ण पैसे देऊन. फुकट ट्रायल घेऊ नका प्लीज, तो माणूस दिवसभर राबतो. पहिल्या दिवशी आई घरातच, दुसऱ्या दिवशी तासभर बाहेर, तिसऱ्या दिवशी अर्धा दिवस. जाताना मुलाला सांगून जायचं, गुपचूप सटकायचं नाही, मग ते दिवसभर दारावर नजर ठेवतं. चारला येते असं सांगून या वयाला कळत नाही, झोपून उठलीस की येते हे कळतं. आणि आपण गेल्यावर किती रडली यापेक्षा परत आल्यावर काय करते ते बघा. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आईला थोडा वेळ खोलीबाहेर पाठवून लहान मुलांवर जे प्रसिद्ध प्रयोग केले त्यात आई परत आल्यावरचं वागणं हाच मुख्य धागा होता. छोटी पहिल्या दिवशी आईला चिकटून बसली, तिसऱ्या दिवशी आईकडे धावत आली, दोन मिनिटं कडेवर राहिली आणि उतरून परत ताईंकडे गेली, तेव्हा आईला बरंही वाटलं आणि थोडं वाईटही. घरात कॅमेरा लावणार असाल तर तेही ताईंना पहिल्याच दिवशी सांगा. कामाचे तास, सुट्ट्या, उशीर झाला तर जास्तीचे किती, हे कागदावर. आणि मध्येच गरज लागली तर कोण, ती दोन नावं आधीच काढून ठेवा.

बाई शेवटच्या भेटीला एकट्या आल्या होत्या. "मी कसली आई" वर आम्ही त्या दिवशी बोललो, तो वेगळा विषय आहे, इथे नको. निघताना त्यांनी मोबाइलमध्ये एक फोटो दाखवला, ते दीड पान आता टाइप करून फ्रिजवर लावलंय, झोप, तळवे, चपला, डॉक्टरांचा नंबर, सगळं. खाली पेन्सिलने वाकड्यातिकड्या अक्षरात मोठ्याने एक ओळ वाढवलीय, "ताई फोन वर ठेवा, माझ्या हातून पाणी सांडतं."