बर्गमनची खार

प्रश्न : मित्राच्या आग्रहाखातर स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'द सेव्हन्थ सील' हा चित्रपट घरी लावला. प्लेगची साथ, बुद्धिबळ खेळणारा मृत्यू! घरचे अर्ध्यातून उठून गेले. या माणसानं कधी कुणाला हसवलंय का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : हसवलंय, अगदी पोट धरून. तुम्ही लावलेला चित्रपट निघाला तोच मुळी एका विनोदी चित्रपटाच्या जिवावर. 'सेव्हन्थ सील'ची संहिता आधी नाकारली गेली होती. मग बर्गमनचाच 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट' (१९५५) आला. त्यात प्रेमात पडलेल्या जोडप्यांची नुसती अदलाबदल चालते. १९५६ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला काव्यात्म विनोदाचं बक्षीस मिळालं. बर्गमन तीच संहिता घेऊन पुन्हा निर्मात्याकडे गेला आणि या वेळी होकार मिळाला.

आणि हसू त्या चित्रपटातही आहे हो! घरचे उठून गेले ते जरा लवकरच. एक नट रात्र काढायला झाडावर चढतो. बघतो तर खाली मृत्यू करवतीनं बुंधा कापतोय. नट विचारतो, नटांना काही सवलत नाही का? नाही. झाड कोसळतं आणि उरलेल्या खोडावर टुणकन एक खार येऊन बसते. त्या खारीसाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघते.

घरच्यांना बसवायचंच असेल तर 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७) लावा. मी तो गंगावेशीतल्या आमच्या जुन्या घरी आईबरोबर बघितला, सबटायटल मराठीत सांगत. शेवटाकडे म्हातारा डॉक्टर घर सांभाळणाऱ्या बाईंना म्हणतो, इतकी वर्षं झाली, आता एकमेकांना अरे-तुरे करूया की. बाई ठाम नकार देतात. लोक काय म्हणतील! आई खळखळून हसली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंना तिनं "मला नुसतं अगं म्हणा" असं किती वेळा विनवलं होतं. काकू शेवटपर्यंत "बाईसाहेब"च म्हणत राहिल्या.

त्यानंतर 'वेटिंग विमेन'मधला (१९५२) लिफ्टचा प्रसंग दाखवा. समारंभाहून नटूनथटून परतलेले नवरा-बायको लिफ्टमध्ये अडकतात आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी धड बोलतात. त्यातला नवरा नीट बघून ठेवा. गुन्नार ब्यर्नस्ट्रांड. 'सेव्हन्थ सील'मधला सरदाराचा तोंडाळ सेवक तोच. मग तो चित्रपट पुन्हा लावा, घरचे त्याला ओळखतील.