गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होणारी जुनी पेट्रोल गाडी कशी तपासावी?

आपली कार्बोरेटरची गाडी अर्ध्या तासाने बंद पडते आणि वीस मिनिटांनी निमूटपणे सुरू होते, यावरून माझा पहिला संशय इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) जातो. तिच्या आतील इन्सुलेशन जुने झाले, की ते तापल्यावर दगा देते आणि गॅरेज गाठेपर्यंत कॉइल थंड होऊन दोष लपतो. म्हणून तपासणी गाडी बंद पडताच, रस्त्याच्या कडेलाच करावी. पेट्रोल गळत नसल्याची खात्री करून जादा स्पार्क प्लग वायरला जोडावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवून ठेवावा (हातात धरू नये, झटका जबर बसतो) आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. ठिणगी पडली नाही, तर कॉइल आणि कंडेन्सर (इग्निशनमधला वीज साठवणारा छोटा भाग) बदलून पाहावेत. ठिणगी जोरदार असेल, तर इंधनाकडे वळावे: टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे हवा आत घेणारे छिद्र बुजून पेट्रोल अडले असण्याची शक्यता मोठी.