गोव्यात समुद्राशिवाय एखादं स्टेडियम बघण्यासारखं आहे का?

आहे ना! दक्षिण गोव्यात, कोलवा-बाणावलीकडे उतरणार असाल तर मडगावचं फातोर्डा स्टेडियम चुकवू नका. पण एक अट: सामना असेल तेव्हाच जा. रिकामं स्टेडियम बघायला दुपार घालवण्यात मजा नाही, त्यापेक्षा समुद्र बरा.

एफसी गोवा या फुटबॉल क्लबचं हे घरचं मैदान. २०१५ ची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल इथेच झाली आणि चेन्नईच्या चेन्नईयिन संघाने शेवटच्या मिनिटांत एफसी गोवावर बाजी उलटवून ३-२ ने चषक नेला. मडगावात हा विषय जरा जपूनच काढा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इराणने जर्मनीला ४-० ने लोळवलं, तेही इथेच. आता फुटबॉलचंच म्हणून ओळखलं जात असलं, तरी १९८९ पासून इथे क्रिकेटचे एकदिवसीय सामनेही झालेत. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि परतीच्या गाडीचं बोलून ठेवा. रात्री सामना सुटल्यावर रिक्षावाले म्हणतील तो भाव.

क्रिकेटवाले असाल तर पर्वरीला गोवा क्रिकेट असोसिएशनचं (जीसीए) मैदान आहे, पणजीहून मांडवी ओलांडली की आलंच. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकरने रणजी पदार्पणातलं शतक तिथेच ठोकलं.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तर संध्याकाळी कुठल्याही गावात चर्चसमोरच्या मैदानावर थांबा. पोरं फुटबॉल खेळत असतात, कठड्यावर बसलेले म्हातारे कोकणीत रेफ्रीचा उद्धार करत असतात. तिकीटबिकीट काही नाही.