व्हिएन्ना की त्रिएस्ते?

प्रश्न : ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मला आणि माझ्या यजमानांना युरोपात सहा रात्री मिळणार आहेत. त्यांना व्हिएन्ना पाहायचे आहे. माझ्या वाचनात इटलीतल्या त्रिएस्तेचे नाव आले आणि माझे मन तिथे अडकले. दोघांचीही साठी उलटली असून मागच्या दोन्ही सहलींतून आम्ही पार दमून परतलो होतो. मुले विचारतात, ‘एवढ्या लांब जाऊन राजधानी सोडायची आणि बंदराचे गाव पाहायचे?’ दोन्ही ठिकाणे गाठण्याची धावपळ आम्हांला नको आहे. कोणते एक निवडावे?

उत्तर : मुलांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. चित्रकार ब्रॉयगलची जी थोडीशी चित्रे आज शिल्लक आहेत, त्यांपैकी बारा व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहेत, आणि १५६५ साली रंगवलेले ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र समोर उभे राहून पाहणे हा अनुभव कोणतेही छोटे शहर देऊ शकणार नाही. क्लिम्टचे ‘चुंबन’ हे चित्र बेल्व्हेडेर राजवाड्यात आहे. अशा गोष्टींसाठी जीव तुटत असेल, तर पुढचे वाचण्याचीही गरज नाही.

मात्र या राजधानीची रचनाच माणसाला छाती दडपून टाकण्यासाठी झालेली आहे. जुना तट पाडून त्या जागी बांधलेला, १८६५ मध्ये खुला झालेला रिंगस्ट्रास हा भव्य रस्ता पाच किलोमीटरांच्या आसपास आहे, तर शॉनब्रून राजवाड्यात १,४४१ दालने आहेत. पर्यटकांसाठी त्यांतली थोडीच खुली असली, तरी तेवढ्यांनीच पाय बोलू लागतात. सहलीचे ठिकाण ठरवताना मी नेहमी दुपारी चार वाजताचा विचार करतो. त्या वेळी व्हिएन्नातला पाहुणा एका संग्रहालयातून दुसऱ्याकडे निघालेला असतो, गुडघे कुरकुरत असतात, आणि थोडे बसावे म्हटले तर एवढे पैसे खर्चून आलो आणि नुसते बसलो, ही रुखरुख मनाला लागते. तुमच्या मागच्या दोन सहली कशाने बिघडल्या, ते मला पत्रावरून नक्की सांगता येणार नाही. पण या रुखरुखीचा त्यात हात असावा, अशी शंका येते.

त्रिएस्तेमध्ये ही रुखरुख उरत नाही, कारण पाहण्यासारखे बरेचसे दोन दिवसांत पाहून होते. टेकडीवरचा सान जुस्तो किल्ला, तीन बाजूंनी भव्य इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र असलेला मुख्य चौक, आणि शहराबाहेरचा पांढरा मिरामारे राजवाडा. हा राजवाडा ज्या ऑस्ट्रियन राजपुत्र मॅक्सिमिलियनने स्वतःसाठी बांधून घेतला, तो पुढे मेक्सिकोचा सम्राट झाला आणि १८६७ मध्ये तिथेच गोळ्या घालून मारला गेला. त्यानंतरच्या दिवसांत चार वाजता करायचे काय, तर मोलो औदाचेवर चालत जायचे. हा २४६ मीटर लांबीचा सपाट दगडी धक्का आहे. त्याला कठडा नाही, दुकाने नाहीत, टोकाला वाऱ्याच्या दिशा दाखवणारी ब्राँझची तबकडी तेवढी आहे. लोक जहाजे बांधण्याच्या खुंटांवर बसतात आणि सूर्य बुडाला की परततात. कॉफीघरात मात्र गावाची परिभाषा शिकून घ्यावी लागते : तिथे ‘कापो’ म्हणजे थोडे दूध घातलेली छोटी कॉफी, आणि तीच काचेच्या पेल्यात हवी असेल तर ‘कापो इन बी’ म्हणायचे.

‘बंदराचे गाव’ या शब्दांतला कमीपणा मात्र मला मान्य नाही. १३८२ पासून १९१८ पर्यंत हे शहर हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे होते, १७१९ मध्ये त्याला मुक्त बंदराचा दर्जा मिळाला आणि १८५७ मध्ये व्हिएन्नाहून निघालेला लोहमार्ग इथवर पोहोचला. त्यामुळे व्हिएन्नाच्या वळणाच्या इमारती, सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च आणि मोठे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ हे सगळे इथे चालत जाण्याच्या अंतरावर भेटते. आपल्याकडच्या भौतिकशास्त्रज्ञांना तर १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी स्थापन केलेल्या संशोधन केंद्रामुळे हे नाव चांगलेच परिचित आहे.

तुमचे वय, सहा रात्री आणि मागचा थकवा लक्षात घेता मी त्रिएस्ते सुचवीन. विमान व्हेनिसचे घ्यावे. तिथून रेल्वेने साधारण दोन तास लागतात. तारखा मात्र जपून ठरवा, कारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी इथे बार्कोलाना ही शिडाच्या नौकांची शर्यत असते. २०१८ मध्ये तिच्यात २,६८९ नौका उतरल्या होत्या. त्या आठवड्यात राहायची खोली मिळणे कठीण जाते. ‘बोरा’ नावाचा ईशान्येकडचा वारा मुख्यतः हिवाळ्यातला असला, तरी वारा अडवणारे एक जाकीट सोबत असू द्या. हा वारा इतका जोरदार असतो, की पूर्वी पादचाऱ्यांना धरण्यासाठी रस्त्यांच्या कडेने दोर बांधत असत. आणि पोहण्याचा बेत असेल तर एक सूचना : ‘पेदोचिन’ या जुन्या सार्वजनिक किनाऱ्यावर स्त्रिया आणि पुरुष यांच्यामध्ये भिंत आहे, त्यामुळे तिथे दोघांना वेगवेगळे बसावे लागेल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. तुमच्या यजमानांना व्हिएन्नाची ओढ संगीतासाठी असेल, तर माझा सल्ला उलट आहे असे समजा. तिथल्या ऑपेराचा हंगाम त्या वेळी सुरू असतो आणि प्रयोग संध्याकाळी असतात. तेव्हा सकाळची संग्रहालये गाळून, दुपारी झोप काढून, फक्त संध्याकाळसाठी ते शहर ठेवता येईल.