शटर किती वाजता पडणार, हे नकाशातच ठरतं

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या तळाला सहा गाळे आहेत. आइस्क्रीम, पोळीभाजी, औषधं, झेरॉक्स असं सगळं असल्यामुळे गल्लीला रात्री अकरापर्यंत जाग असते. शेजारी दोन टॉवर झाले आणि त्यांच्यासमोरचा रस्ता नऊलाच सुना पडू लागला. आता आमचाही पुनर्विकास ठरतो आहे. गल्लीची जाग टिकवायला काय करता येईल?

उत्तर : करता येईल ते बरंच आहे, पण नकाशे मंजुरीला जाण्याआधी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेची परवानगी, आल्यावर यातलं जवळपास काहीच बदलत नाही.

आधी गल्ली सुनी का पडते ते पाहू. नौपाड्यातले भूखंड लहान आणि पार्किंगची गरज मोठी. त्यामुळे तळमजला गाड्या, रॅम्प, मीटर रूम आणि पंप खातात, आणि रस्त्याच्या बाजूला उरते कुंपणभिंत. गाळे दिलेच तर ते पाच-सहा पायऱ्या वर किंवा भिंतीआड जातात. रात्री दहा वाजता पानपट्टी नाहीतर कुल्फी घेणारा माणूस चालता चालता थांबतो, फाटक ओलांडून आत येत नाही. म्हणून निविदेतच लिहून घ्या : गाळ्यांपुढे कुंपणभिंत नको, शटर थेट रस्त्याकडे उघडावं, जोतं पाणी शिरणार नाही इतपतच उंच असावं आणि रहिवाशांचं फाटक गाळ्यांपासून वेगळं असावं.

दुसरा, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा धुराचा. जुन्या इमारतीत पोळीभाजीवाल्याचा धूर मागच्या बोळात सुटायचा. वर वीस मजले आले की तोच वास पहिल्या मजल्याच्या बेडरूममध्ये शिरतो, तक्रारी सुरू होतात आणि सोसायटी ठराव करते : खाद्यपदार्थांचा गाळा नको. मग तिथे येतात बँकेचं एटीएम आणि इस्टेट एजंट. संध्याकाळ तिथेच संपते.

यावर उपाय म्हणजे स्वयंपाक होणार असलेल्या प्रत्येक गाळ्यासाठी गच्चीपर्यंत जाणारा स्वतंत्र डक्ट, म्हणजे धूर वर नेणारी पत्र्याची नळी. हिशेब सोपा आहे. शेगड्यांवरचा हूड, म्हणजे धूर ओढून घेणारं छत्र, 6 × 3 फूट, म्हणजे 18 चौरस फुटांचा धरा. हुडाच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला 100 फूट ठेवायचा तर मिनिटाला 1,800 घनफूट हवा ओढावी लागते. डक्टमध्ये वेग 1,500 फूट धरला तर छेद सव्वा चौरस फुटाच्या आसपास, म्हणजे साधारण 14 × 14 इंच. वेष्टण आणि सफाईची जागा धरून 2 × 2 फुटांची शाफ्ट, म्हणजे डक्टसाठी तळापासून गच्चीपर्यंतची उभी पोकळी, राखा. पंखा गच्चीवर, डक्टच्या वरच्या टोकाला हवा. तो खाली बसवला तर डक्टमध्ये दाब तयार होतो आणि प्रत्येक सांध्यातून वास घरांत झिरपतो. पंख्याखाली स्प्रिंगचे माउंट नसले, तर वरच्या मजल्यावर रात्रभर घरघर. डक्टच्या वळणांवर तेलाचा थर साचतो आणि तोच पेट घेतो. म्हणून वळणं कमीत कमी ठेवा, प्रत्येक वळणापाशी सफाईचं झाकण द्या आणि त्या शाफ्टमधून विजेच्या केबल अजिबात नेऊ देऊ नका.

सोबत थ्री-फेज जोडणी, सांडपाण्याच्या वाटेवर तेल-तूप अडवणारा ग्रीस ट्रॅप आणि खाली तळघर असेल तर गाळ्याला सखल स्लॅब, म्हणजे वर पाइप बसतील इतका खाली घेतलेला, मागा. कामगारांसाठी शौचालयही हवं. ते नसलेल्या गाळ्यात रात्री उशिरापर्यंत माणसं काम करणार कशी?

तिसरी अडचण माणसांची. पुनर्विकासात हक्क मिळतो गाळ्याच्या मालकाला. लीव्ह अँड लायसन्सवर वीस वर्षं धंदा करणाऱ्याच्या हाती काही येत नाही, आणि परतल्यावर नव्या गाळ्याचं भाडं त्याला झेपत नाही. मालक तयार असेल तर परतीचा पहिला हक्क आणि भाड्याचं सूत्र आत्ताच लेखी करून नोंदवा. मालकांनी पर्यायी जागेच्या नोंदणीकृत करारात गाळ्याचं कार्पेट क्षेत्र, रस्त्याकडची रुंदी, छताची उंची आणि डक्ट यांचा उल्लेख नकाशासह करून घ्यावा. नुसतं क्षेत्रफळ लिहिलं तर 10 फूट रुंदीचा गाळा जाऊन 6 फूट तोंडाचा लांबोडका बोगदा मिळू शकतो.

4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासक निवडायला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. गाळेधारक नेहमी अल्पसंख्य असतात. म्हणून हे मुद्दे निविदेच्या मसुद्यातच जायला हवेत, विकासक निवडीच्या सभेत ऐन वेळी मांडून उपयोग नाही.

प्रश्न : दुकान रात्रभर उघडं ठेवायला कायद्याची आडकाठी आहे का?

उत्तर : दारू देणारी ठिकाणं, हुक्का पार्लर वगैरे सोडली तर नाही. दुकाने व आस्थापनांचा 2017 चा राज्याचा कायदा चोवीस तास व्यवहाराला मुभा देतो. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यावी लागते. रात्री 9.30 नंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलाखाली रेस्टॉरंट आहे. रात्री साडेबारापर्यंत स्पीकर चालू असतात. आम्हाला रेस्टॉरंट बंद करायचं नाही, झोप हवी आहे.

उत्तर : तुमची भूमिका योग्य आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि 55. रात्री दहानंतर स्पीकर फक्त बंदिस्त जागेत चालतो, गच्चीवर किंवा अंगणात नाही. मोबाइलवरचं मापन पुरावा म्हणून कच्चं ठरतं, पण तारीख-वेळेसह नोंद ठेवा. 112 वर कळवा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बऱ्याचदा त्रास गाण्याच्या आवाजापेक्षा बेसच्या हादऱ्याचा असतो. भिंतीला किंवा छताला ठोकलेला स्पीकर काढून रबरी पॅडवर ठेवायला लावा, वरच्या घरांना लगेच फरक जाणवतो.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये रात्री चहाची गाडी लावतो. कंपन्या गेल्या, टॉवर आले, आता गाडीही उठवतात.

उत्तर : तीन पाळ्यांची कंपनी गेली की रात्री दोनचं गिऱ्हाईक गेलं, ते परत येणार नाही. रिक्षावाले, रुग्णालयांतले नातेवाईक, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक हे नवं गिऱ्हाईक. जागा त्यांच्या वाटेवर शोधा. हक्काचं म्हणाल, तर 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही आणि हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस लागते. सर्वेक्षणात नाव आलंय का ते प्रभाग कार्यालयात तपासा. माल उचलला तर जागेवरच यादी मागा. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत परत द्यावा लागतो, त्यासाठी ती यादी हाती हवीच.