ब्राउझरमधून कॉल लागणाऱ्या लिंकला मुंबईत गिऱ्हाईक कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की लिंक दाबली की कुठलंही अ‍ॅप न टाकता थेट ब्राउझरमधून कॉल लागतो अशी सेवा तयार आहे, आता पहिली गिऱ्हाइकं कुठून आणायची? मी अशीच लिंक दीड वर्षं विकतोय आणि त्यातले पहिले तीन महिने वाया घालवलेत, म्हणून सांगतो.

सुरुवात केली लॅमिंग्टन रोडपासून. म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्सवाले आहेत, चटकन कळेल. कळलंही. एका दुकानदाराने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मग गल्ल्याच्या काचेवर चिकटवलेला आपला व्हॉट्सअ‍ॅप नंबर बोटाने दाखवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं बरोबरच होतं. आपला नंबर चार लोकांत फिरावा असं ज्याला वाटतं, त्याला तुमची लिंक कशाला हवी? तंत्राचं कौतुक तर कुणालाच नाही. ब्राउझरमधून थेट कॉल लावणारं हे तंत्र, वेबआरटीसी, गुगलने २०११ साली खुलं केलं, २०२१ मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. आता ते कोणीही वापरू शकतं.

ज्याला नंबर द्यावा तर लागतो पण द्यायचा नसतो, तो तुमचा माणूस. मला तो दादरच्या एका वधू-वर सूचक मंडळात सापडला. मी गेलो होतो चुलतबहिणीचं नाव नोंदवायला. मंडळ चालवणाऱ्या काकू फोनवर कुणाची तरी समजूत काढत होत्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलीला दोन वर्षांचं बाळ आहे हो, तरी तिच्या वडिलांना अजून स्थळं सांगून येतायत. आमची जुनी यादी कुठे कुठे फिरतेय देव जाणे."

एकदा गेलेला नंबर परत मागता येत नाही, यादीत नंबरऐवजी दिलेली लिंक मात्र बंद करता येते. मी ब्राउझरचा ब उच्चारला नाही. एवढंच म्हटलं, "लग्न जमलं की हे बटण दाबायचं, मग फोन लागणारच नाही." काकूंनी लगेच किंमत विचारली. तीन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कानावर पडला होता!

पुढची गिऱ्हाइकं काकूंच्या ओळखीतूनच आली: घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट, रात्री अकराला अनोळखी "हाय" येऊन वैतागलेल्या शिकवणीच्या बाई, दलालांच्या फोनला कंटाळलेले एक घरमालक. विकत घेतलेल्या याद्यांवर स्वतःच्या मोबाइलवरून फोन करत सुटू नका. लोक १९०९ वर, म्हणजे नकोशा जाहिरातींच्या फोनसाठी असलेल्या तक्रार क्रमांकावर, तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या तर तुमचाच नंबर बंद होऊ शकतो.

काकूंकडे पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली, तेही ऐका. मायक्रोफोन वापरू द्यायचा का, असं मोबाइलने विचारल्यावर एका वडिलांनी घाबरून नकार दिला. एकदा नकार दिला की ब्राउझर बहुधा पुन्हा विचारत नाही, सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. ते बिचारे अर्धा तास "हॅलो, हॅलो" करत बसले. आता मी त्याआधी एक मराठी पान दाखवतो: 'पुढे माइकची परवानगी मागतील, हो म्हणा, तुमचा नंबर कुणाला दिसणार नाही.' आणि दर ठरवताना एक धरा. दोन फोन थेट जोडले गेले नाहीत, तर आवाज तुमच्या सर्व्हरवरून जातो आणि त्या डेटाचं बिल तुम्हाला येतं. मी पहिल्या महिन्यात हे धरलं नव्हतं.

तेव्हा आधी चार मंडळांत जाऊन या. फक्त रविवारी सकाळी नको. पालकांची झुंबड असते आणि तुम्ही एकटेच दिसलात तर बोलायच्या आत हातात फॉर्म देतात. माझा अजून त्यांच्या फायलीत आहे.